जुन्या औषधांना नवे काम

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट गावी निघतो तेव्हा त्याच्या पिशवीत फाईल, रिपोर्ट आणि स्कॅनच्या फिल्म असतात. गेली काही वर्षे अनेकांच्या पिशवीत त्याबरोबर दोन साध्या औषधांची पाकिटेही असतात. एक मेथोट्रेक्सेटच्या बारीक गोळ्यांचे, दुसरे सेलेकॉक्सिबच्या कॅप्सूलचे. ही औषधे तालुक्याच्या गावच्या मेडिकलमध्येही मिळतात, आणि तिथून ती बहुतेक वेळा संधिवाताचे पेशंट घेऊन जातात. एवढ्या लांबून मुंबईला यायचे, नंबर लावायचा, तुकडा काढून तपासायला द्यायचा, आणि शेवटी हाती काय, तर सांधेदुखीची गोळी! घरच्यांना प्रश्न पडतो. तो रास्तच आहे.

एका रोगासाठी बाजारात आलेले, जुने, स्वस्त आणि ज्याचे गुणदोष सगळ्यांना पाठ आहेत असे औषध दुसऱ्याच रोगात वापरायचे, शरीरातली धगधगती सूज कमी करायची किंवा सुस्तावलेल्या प्रतिकारपेशींना जागे करायचे, ही कल्पना जगभर अनेकांना सुचलेली आहे. घोडे अडते ते पुढे. पेटंट संपलेल्या गोळीची शेकडो पेशंटांवर चाचणी घ्यायला कुठलीच कंपनी पैसे घालत नाही, कारण चाचणी यशस्वी झाली तरी फायदा तिचा एकटीचा होत नाही. अशी अनाथ औषधे दत्तक घ्यायला सार्वजनिक पैशावर चालणारी, भरपूर पेशंट असणारी आणि संशोधनाची सवय असणारी संस्था लागते. टाटामध्ये हे तिन्ही एकत्र कसे आले, तो या लेखाचा विषय.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. त्यांच्यावरचे उपचार परदेशात झाले होते, आणि तसे उपचार भारतात मिळावेत असे सर दोराबजींच्या मनाने घेतले. पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने ते काम तडीस नेले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते परळला ८० खाटांचे रुग्णालय सुरू झाले. भोवती गिरण्यांची वस्ती. त्या काळी कॅन्सरवर दोनच इलाज होते, चाकू आणि किरण. गोळी किंवा इंजेक्शन देऊन कॅन्सर हटवता येईल असे म्हणणारा वैदूच असायचा. त्यामुळे रुग्णालयाची पहिली कीर्ती झाली ती शल्यचिकित्सकांमुळे. मूळचे गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस त्यांत अग्रणी. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे.

संस्थेच्या कारभाराचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. १९५७ साली रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेले. १९६२ साली होमी भाभांच्या पुढाकाराने ते अणुऊर्जा खात्याकडे आले. १९६६ साली रुग्णालय आणि शेजारची संशोधन संस्था एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. अणुऊर्जा खात्याचा आणि कॅन्सरचा संबंध काय, असे नवख्याला वाटते. किरणोपचारासाठी लागणारे किरणोत्सारी पदार्थ हे त्याचे सरळ उत्तर. पण या लग्नाचा दुसरा लाभ अधिक टिकाऊ ठरला. विज्ञान हाच ज्याचा व्यवसाय अशा खात्याच्या छत्राखाली आल्यामुळे या रुग्णालयात संशोधनाला फावल्या वेळातला छंद मानले गेले नाही.

अर्थात ही सवय लावणारा माणूस त्याआधीच इथे येऊन बसला होता. डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म १८९५, शिक्षण लंडनचे, विषय विकृतिशास्त्र. टाटाच्या प्रयोगशाळांची घडी त्यांनी बसवली. परदेशी पुस्तकांत न सापडणारे कॅन्सर त्यांना इथल्या ओपीडीत दिसू लागले, आणि त्यांनी त्या लोकांच्या राहणीकडे पाहायला सुरुवात केली. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात भारतातल्या चालीरीतींशी जोडलेल्या कॅन्सरचे वर्णन आहे. त्यातला एक धोतराचा कॅन्सर. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी धोतर करकचून बांधले जाते. तिथली कातडी घासून आधी रंग उडतो, मग ती जाड होते, खरखरीत होते, चिघळते, बरी होते, पुन्हा चिघळते; आणि काहींच्या बाबतीत वीसपंचवीस वर्षांनी तिथेच गाठ उभी राहते. गालाच्या आत तंबाखूची गोळी ठेवणाऱ्याच्या तोंडात हीच कथा दुसऱ्या पेशींत घडते.

सतत धुमसणारी सूज कॅन्सरला खतपाणी घालते हा विचार नवा नव्हता. जर्मनीत रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ सालीच गाठींमध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी पाहून तो संबंध सुचवला होता. पण परळच्या प्रयोगशाळेला तो पुस्तकात वाचावा लागला नाही. तो रोज दारात येऊन उभा राहत होता. पुढे मेथोट्रेक्सेट-सेलेकॉक्सिबची जोडी ज्या रोगावर वापरली गेली तो हाच, तंबाखूने दिलेला तोंडाचा कॅन्सर. संस्थेच्या इतिहासात इतका सरळ धागा क्वचित सापडतो.

१९५२ साली खानोलकरांच्या नेतृत्वाखाली परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले. तिथे आलेल्या संशोधकांत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून शिकलेल्या कमल रणदिवे होत्या. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी पीएच.डी. केली होती, त्यानंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत टिश्यू कल्चर, म्हणजे पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याचे तंत्र, शिकून त्या परत आल्या. भारतात ते तंत्र रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत येते.

कॅन्सरच्या या प्रयोगशाळेने मग कुष्ठरोगाचा विषय हाती घेतला. खानोलकरांना कुष्ठरोगाचा जुना ध्यास होता. जंतू कातडीतल्या मज्जातंतूंत कसे शिरतात यावरचे त्यांचे काम आजही उद्धृत होते. कुष्ठाच्या गाठीतून मिळालेला एक मायकोबॅक्टेरियम प्रयोगशाळेत वाढवल्याचे बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केले. संस्थेच्या नावावरून तो ‘आयसीआरसी बॅसिलस’ म्हणून ओळखला गेला. पुढे डॉ. माधव देव यांच्या नेतृत्वाखाली हाच जंतू किरणांनी मारून त्याची लस तयार झाली.

यात प्रतिकारशक्तीचा भाग असा. कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात पेशंटच्या अंगात जंतू कोट्यवधींनी असतात, पण टी-पेशी त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. साधा ताप आला तरी धावणाऱ्या या पेशी नेमक्या याच जंतूच्या बाबतीत गप्प. मेलेला, नात्यातला जंतू दाखवून त्यांना हलवता येईल का, हा या लसीमागचा सवाल होता. दक्षिण भारतात चार लसींची मोठी तुलनात्मक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९८ साली आले. आयसीआरसी लसीने दिलेले संरक्षण ६५.५ टक्के भरले. नुसत्या बीसीजीचे ३४.१ टक्के. तोवर बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग झपाट्याने ओसरला होता, त्यामुळे ही लस घराघरांत पोचली नाही. लस मागे पडली, पण प्रतिकारपेशींना बाहेरून वळण लावता येते हा धडा याच आवारात, कॅन्सरच्या इम्युनोथेरपीचा गाजावाजा सुरू होण्याच्या कितीतरी आधी, गिरवला गेला होता.

कुष्ठरोगानेच जगाला जुन्या औषधाच्या नव्या कामाचा सर्वांत नाट्यमय दाखला दिला. झोपेची गोळी म्हणून आलेल्या आणि हजारो अर्भकांना व्यंग देऊन १९६१ साली बदनाम झालेल्या थॅलिडोमाइडची गोळी जेकब शेस्किन या डॉक्टरांनी जेरुसलेममध्ये कुष्ठाच्या ‘रिॲक्शन’ने तळमळणाऱ्या पेशंटला झोप यावी म्हणून दिली. पेशंट झोपला आणि रिॲक्शनही ओसरली. त्यांनी ते १९६५ साली प्रसिद्ध केले. पुढे कळले की हे औषध टीएनएफ-अल्फा नावाचा सूज भडकवणारा रेणू कमी करते. आज मल्टिपल मायलोमाच्या पेशंटना ते आणि त्याची भावंडे दिली जातात. गर्भाला घातक ते घातकच, म्हणून कडक नियमांखाली.

आता मेथोट्रेक्सेट. या औषधाची फेरी मोठी गमतीची आहे. खानोलकरांच्याच वर्षी, १८९५ साली, आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीचे संशोधन सांभाळत होते. पेशीच्या वाढीला फॉलिक ॲसिड लागते. तिला त्याच्यासारखेच दिसणारे खोटे रेणू दिले तर वाढ खुंटते. सुब्बारावांच्या चमूने असे रेणू बनवले. त्यातले अमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना दिले आणि १९४८ साली जाहीर केले की १६ पैकी १० मुलांचा रोग काही काळासाठी मागे हटला. कॅन्सरला औषध असू शकते ही बातमी तेव्हाची. मेथोट्रेक्सेट त्याचेच अधिक सुसह्य भावंड.

मग हे औषध कॅन्सरच्या वॉर्डातून संधिवाताच्या ओपीडीत गेले. १९५१ सालीच अमिनोप्टेरिनने काही संधिवाताचे आणि सोरायसिसचे पेशंट सुधारल्याची नोंद झाली होती. पण कॅन्सरचे जहाल विष सांधेदुखीला कोण देणार? तीस-पस्तीस वर्षे गेली. १९८५ च्या सुमारास नीट चाचण्या झाल्या आणि १९८८ साली अमेरिकेत आमवातासाठी, म्हणजे रुमेटॉइड आर्थरायटिससाठी, त्याला मान्यता मिळाली. युक्ती डोसात होती. कॅन्सरसाठी ग्रॅममध्ये जाणारे औषध इथे आठवड्यातून एकदा, काही मिलिग्रॅम. एवढ्याशा मात्रेत ते पेशी मारत बसत नाही. सुजेच्या जागी ॲडिनोसिन नावाचा शांतवणारा रेणू वाढवते आणि चवताळलेल्या प्रतिकारपेशींना आवर घालते.

आणि परळला ते कॅन्सरकडे परत आले, पण संधिवाताच्या पोशाखात: तोच आठवड्याचा एकच डोस, तीच थोडकी मात्रा.

सोबतीला सेलेकॉक्सिब. १९९८ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेली ही वेदनाशामक गोळी कॉक्स-२ या विकराला अडवते. सूज आलेल्या ऊतींत हे विकर प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनवते. कॅन्सरच्या कित्येक गाठीही तेच करतात, आणि त्यामागे त्यांचा स्वार्थ असतो. प्रोस्टाग्लँडिन ई-२ मुळे गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळतात. शत्रूची ओळख पटवून देणाऱ्या डेंड्रिटिक पेशी मंदावतात. टी-पेशींचा जोर जातो. आणि प्रतिकार दडपणाऱ्या पेशींची भरती होते. म्हणजे बाहेरून पाहावे तर गाठीत सूज, आतून पाहावे तर पहारा झोपलेला. संधिवातात भडकलेली प्रतिकारशक्ती शांत करणारे औषध कॅन्सरमध्ये निजलेली प्रतिकारशक्ती जागी करायला कसे मदत करेल, ही शंका इथे बरीचशी मिटते. सूज आणि संरक्षण ही एकच गोष्ट नव्हे.

कमी मात्रेत, खंड न पाडता, महिनोन्‌महिने औषध देण्याच्या पद्धतीला ‘मेट्रोनॉमिक किमो’ हे नाव २००० साली मिळाले. ज्युडा फोकमन आणि रॉबर्ट केर्बेल यांच्या गटांनी उंदरांवर दाखवले होते की अशा डोसाने गाठीच्या रक्तवाहिन्या खुंटतात. प्रतिकारपेशींवरचा परिणाम पुढे ध्यानात आला. नेमका किती वाटा रक्तवाहिन्यांचा आणि किती प्रतिकारशक्तीचा, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. टाटातल्या डॉक्टरांनी या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहिली नाही, आणि ते बरेच झाले. त्यांच्यापुढे प्रश्न वेगळा होता.

तो असा. ऑपरेशन, शेक, सगळे होऊन तोंडातला रोग पुन्हा उलटला किंवा पसरला की प्रचलित उपाय म्हणजे सिस्प्लॅटिन. दर तीन आठवड्यांनी शिरेतून. आधी सलाईन, मग औषध, मग पुन्हा सलाईन, कारण किडनी सांभाळायची असते. डे-केअरमधली खुर्ची मिळेपर्यंत वाट पाहायची, उलटीची औषधे घ्यायची, दर खेपेला रक्त तपासायचे. गोंदियाचा किंवा सिंधुदुर्गातला शेतमजूर हे सहा वेळा करणार म्हणजे सहा वेळा रेल्वे, सहा वेळा दादरची धर्मशाळा नाहीतर रुग्णालयाजवळचा फुटपाथ, आणि सोबत येणाऱ्या मुलाची तितकीच बुडालेली मजुरी. नवी इम्युनोथेरपी तर लाखांत. मग हाताशी असलेल्या गोळ्यांनी तेवढेच साधते का?

डॉ. कुमार प्रभाश, डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मे २०१६ ते जानेवारी २०२० या काळात ४२२ पेशंटांची चाचणी केली. चिठ्ठी टाकल्यागत दोन गट पाडले. एकाला सिस्प्लॅटिन. दुसऱ्याला शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि २०० मिलिग्रॅम सेलेकॉक्सिब रोज दोनदा. गोळ्या सिस्प्लॅटिनपेक्षा फार मागे पडत नाहीत एवढेच सिद्ध करायचे होते. त्या पुढे निघाल्या. मध्य जीवनकाल सिस्प्लॅटिन गटात ६.१ महिने, गोळ्यांच्या गटात ७.५ महिने. तीव्र दुष्परिणाम ३० टक्क्यांच्या जागी १९ टक्क्यांना. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने हा निबंध २०२० च्या सप्टेंबर अंकात छापला.

दीड महिन्याचा फरक. बाहेरच्याला तो किरकोळ वाटेल. पण इथे मोजायचे ते दीड महिन्यापुरतेच नाही. सहा महिने रुग्णालयाच्या खुर्चीत काढायचे की घरच्या खाटेवर, हेही त्या आकड्याच्या पोटात आहे.

गोळ्या स्वस्त म्हणून काम सोपे झाले असे मात्र नाही. दीड चौरस मीटर क्षेत्रफळाच्या पेशंटला २२.५ मिलिग्रॅम, म्हणजे २.५ च्या नऊ गोळ्या, एकाच दिवशी घ्यायच्या असतात आणि मग सहा दिवस एकही नाही. रोज घेतल्या तर अस्थिमज्जा बसते, तोंडभर फोड येतात आणि जीवही जाऊ शकतो. जगभर मेथोट्रेक्सेटच्या अपघातांचे हे ठरलेले कारण. ज्याला वाचता येत नाही त्या माणसाला ‘आठवड्यातून एकदा’ हे पक्के समजावणे हे औषध शोधण्याइतकेच जबाबदारीचे काम आहे. वार ठरवून द्यायचा, तो घरातल्या दोघांना सांगायचा, त्यांच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. ‘सोमवारी नऊ, बाकी दिवस नाही.’ सेलेकॉक्सिबलाही आपले धोके आहेत. त्याच कुळातले रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या भीतीने २००४ साली बाजारातून काढून घ्यावे लागले होते. हृदयाचा, किडनीचा, पोटातल्या व्रणाचा पेशंट असेल तर हात आखडता घ्यावा लागतो.

आणि ही जोडी सगळीकडे चालली असेही नाही. मूळ रोगावर किमो आणि शेक एकत्र देऊन झाल्यावर, रोग परत येऊ नये म्हणून, हीच औषधे पुढे चालू ठेवून पाहिली. लाभ दिसला नाही. तोही निकाल याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. स्मरणिकांत अशा चाचण्यांना सहसा जागा मिळत नाही. पण फसलेली चाचणी छापण्याची तयारी नसेल तर जमलेल्या चाचणीवर विश्वास कोणी का ठेवावा?

पुढची पायरी अधिक धाडसाची होती. निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीवरचे खरेखुरे आधुनिक औषध. टी-पेशीवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो आणि गाठ तो दाबून धरते; निवोलुमॅब तो ब्रेक सोडवते. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. हे औषध ज्यांना परवडते असे पेशंट भारतात शंभरात दोन-तीनही नाहीत. पण त्याच्या सुरुवातीच्या अभ्यासांतच एक गोष्ट नोंदलेली होती: अगदी थोड्या मात्रेतही टी-पेशींवरचे बहुतेक पीडी-१ व्यापले जातात. पारंपरिक किमोत जास्त डोस म्हणजे जास्त पेशींचा नाश, हे गणित असते. इथे कुलूप एकदा भरले की उरलेल्या किल्ल्यांचा उपयोग नाही.

टाटातल्या गटाने निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, दिले. हिशेब करून पाहावा: सहा आठवड्यांत नेहमीच्या पद्धतीने ७२० मिलिग्रॅम जाते, इथे ४०. अठरावा हिस्सा. बाजारातली सगळ्यात लहान कुपी ४० मिलिग्रॅमची, म्हणजे एका कुपीत दोन पेशंट. त्यांना एकाच दिवशी बोलावले की थेंबही वाया जात नाही. १५१ पेशंट घेतले. दोन्ही गटांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तीन गोळ्या; एका गटाला त्यावर हे थोडेसे निवोलुमॅब. वर्षभराने नुसत्या गोळ्यांच्या गटातले १६.३ टक्के पेशंट हयात होते, निवोलुमॅबच्या गटातले ४३.४ टक्के. तीव्र दुष्परिणाम वाढले नाहीत. २०२२ च्या अखेरीस ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त हे प्रसिद्ध झाले आणि श्रीमंत देशांतल्या डॉक्टरांनाही प्रश्न पडला: आपण इतकी वर्षे गरजेपेक्षा जास्त तर देत नाही आहोत?

औषधाचे काम बदलण्याची ही खोड शल्यविभागालाही लागलेली आहे. डॉ. राजेंद्र बडवे यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन देऊन पाहिले. एक हजार स्त्रियांच्या त्या चाचणीचा निष्कर्ष २०११ साली आला: सरसकट फायदा नाही, मात्र काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेल्यांत तो दिसला. मग त्यांनी त्याहून साधे औषध घेतले. लिडोकेन. दात काढताना हिरडीत देतात तेच. ऑपरेशनच्या सातदहा मिनिटे आधी ०.५ टक्के लिडोकेन गाठीच्या सर्व बाजूंनी टोचायचे आणि मग चाकू लावायचा. देशातल्या ११ केंद्रांत, २०११ ते २०२२ अशी दहा वर्षे, १६०० स्त्रिया. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. खर्च शंभर रुपयांच्या आत.

हे का घडते? ऑपरेशनची इजा, त्या वेळची सूज आणि ताण यांचा फायदा घेऊन काही पेशी निसटतात, आणि लिडोकेन त्यांच्यावरच्या सोडियमच्या वाटा बंद करते, असे गृहीतक आहे. त्याचा कस अजून लागायचा आहे. बधिर करण्याच्या औषधाला कुणी मालक नाही, त्यामुळे हा निकाल डॉक्टरांच्या कानी घालायला औषध कंपन्यांचे प्रतिनिधी दारोदार फिरत नाहीत. शल्यचिकित्सकाला तो स्वतः वाचावा लागतो.

ॲस्पिरिनचे प्रकरण अजून चालू आहे. ब्रिटन, आयर्लंड आणि भारत मिळून ‘ॲड-ॲस्पिरिन’ नावाची चाचणी करत आहेत. कॅन्सरचे उपचार पूर्ण झालेल्या हजारो पेशंटांना रोज १०० किंवा ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा नुसती कोरी गोळी, अशी तिची मांडणी. भारतातली बाजू टाटाने सांभाळली. केंब्रिजच्या राहुल रॉयचौधरी यांच्या गटाने मार्च २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये उंदरांवरचे काम प्रसिद्ध केले, त्याने या कल्पनेला प्रतिकारशास्त्राचा पाया मिळाला. रक्तातल्या प्लेटलेट्‌स थ्रॉम्बोक्सेन ए-२ सोडतात, त्याने टी-पेशी दबतात. ॲस्पिरिन थ्रॉम्बोक्सेन कमी करते आणि टी-पेशी मोकळ्या होऊन विखुरलेल्या कॅन्सरपेशींवर चालून जातात. शंभराहून अधिक वर्षे डोकेदुखीला घेतलेल्या गोळीचे हे काम इतके दिवस कुणाच्या लक्षात आले नव्हते.

सगळेच सोने नसते, हेही लिहायला हवे. टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात डॉ. इंद्रनील मित्रा मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडणाऱ्या क्रोमॅटिनच्या कणांचा अभ्यास करतात. हे कण निरोगी पेशींत घुसून सूज आणि बिघाड निर्माण करतात आणि रेझव्हेरॅट्रॉल व तांबे यांची अल्प मात्रा त्यांना निष्प्रभ करते, असे त्यांचे म्हणणे आहे. २०२४ च्या सुरुवातीला ‘कॅन्सरवर शंभर रुपयांची गोळी’ अशा बातम्या झळकल्या. कल्पना मूळची विचार करायला लावणारी आहे. माणसांवरचा पुरावा लहान अभ्यासांचा आहे. मथळा चाचणीच्या पुढे धावला. ज्या संस्थेने मेथोट्रेक्सेटसाठी ४२२ आणि लिडोकेनसाठी १६०० पेशंटांचा घाट घातला, तिच्याच मोजपट्टीने ही गोळी मोजली जाणे योग्य.

स्वस्त औषध शोधण्याइतकेच महाग औषध स्वस्तात विकत घेणे महत्त्वाचे असते, याची जाणीवही इथे उशिरा का होईना झाली. २०१२ साली टाटाच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड स्थापन झाले. आज त्यात तीनशेहून अधिक केंद्रे आहेत. त्यांतल्या तेवीस केंद्रांनी मिळून ४० औषधांची एकत्र खरेदी केली तेव्हा खर्चात ८२ टक्के बचत झाली. एका रुग्णालयाने घासाघीस करणे वेगळे आणि तेवीस जणांनी एका टेबलाशी बसणे वेगळे.

एक काम मात्र बाकी आहे. १५१ पेशंटांच्या त्या चाचणीत २० मिलिग्रॅम निवोलुमॅबची तुलना ‘निवोलुमॅब नाही’ याच्याशी झाली होती, २४० मिलिग्रॅमशी नाही. थोडका डोस पूर्ण डोसाइतकाच चालतो का, हे ठरवायचे तर दोन्ही समोरासमोर ठेवावे लागतील, आणि तीही शेकडो पेशंटांमध्ये. औषधाचा खप अठराव्या हिश्शावर आणू शकणाऱ्या अशा चाचणीला त्याची निर्माती कंपनी पैसे देणार नाही, हे उघड आहे. तो खर्च सार्वजनिक निधीतूनच उभा करावा लागेल.